पुढचा डिस्क ब्रेक ब्लीड केला (ऑइलमधली हवा काढली), तरी लिव्हर मऊच

प्रश्न (सोलापूर): १५० सीसी गाडी. कॅलिपरचे (चाकापाशी डिस्क पकडणारा भाग) सील बदलून डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं. अर्धी बाटली संपली, तरी नळीत बुडबुडे येतच आहेत, लिव्हर पार ग्रिपला टेकायलंय. काय चुकायलंय?

उत्तर १: सगळे बुडबुडे आतले नसतात भावा. निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) जास्त सैल केला की आट्यांतून हवा शिरते. निपलवर आधी ८ चा रिंग पाना घाला, मग नळी. उघडायचं फक्त पाव आटा. लिव्हर दाबा, निपल उघडा, लिव्हर ग्रिपला टेकायच्या आत बंद करा, मगच सोडा. सोडताना निपल उघडा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. वरच्या डब्यातलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका.

उत्तर २: हवा वर, मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा भाग) बँजो बोल्टपाशी (ब्रेकचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) अडकली असणार. फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून बोल्ट किंचित सैल करा, फुस्स झालं की लिव्हर न सोडता घट्ट करा. मग रात्रभर लिव्हर रबराने बांधून ठेवा.

उत्तर ३: टाकीवर जुनी चादर टाकाच, ऑइल रंग खातं. थेंब पडला तर लगेच पाणी ओता. उरलेली उघडी बाटली महिनोन्‌महिने ठेवू नका, ओलावा धरते. आणि डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं. ते यात नको.