मदत हवी आहे: ॲस्कोच्या 'आयडिया' पुरस्कारासाठी आधी अर्ज करावा, की प्रोटोकॉल (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याच्या कार्यशाळेसाठी?

नमस्कार. कर्करोग-उपचारात डीएम करून मी दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात रुजू झाले. तोंडाच्या कर्करोगाचे जे रुग्ण ओपीडीत येतात, त्यांतल्या अनेकांचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते आणि आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. अशांना आम्ही मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या घरी घ्यायला देतो. तरीही दोन-तीन महिन्यांनंतर फॉलोअपच्या वहीत पुष्कळ नावांपुढचे रकाने कोरे दिसतात. बरे वाटले म्हणून आले नाहीत, एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसाचा बुडणारा रोज परवडेना म्हणून थांबले, की रुग्णच दगावला, हे वहीवरून कळत नाही. गावातल्या आशाताईंनी दर आठवड्याला विचारपूस केली तर उपचार टिकतो का, हे मला रीतसर अभ्यासायचे आहे.

अडचण अशी की प्रशिक्षणात मी रुग्ण तपासायला शिकले, संशोधनाचा आराखडा लिहायला नाही. माझा प्रबंधही जुन्या केसपेपरांवरच झाला. इथे संख्याशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे किती रुग्ण घ्यायचे इथेच गाडी अडते.

ॲस्को ही कर्करोगतज्ज्ञांची अमेरिकी संघटना, १९६४ साली सात डॉक्टरांनी स्थापन केलेली. तिचा तरुण संशोधकांसाठीचा पुरस्कार प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या डॉक्टरांसाठी असतो, म्हणजे माझी ती वेळ गेली. 'आयडिया' पुरस्कार मात्र कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या नवोदित कर्करोगतज्ज्ञांसाठी आहे. त्यात संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाला जाता येते, एक मेंटॉर मिळतो आणि त्याच्या रुग्णालयातले काम जवळून पाहता येते. दुसरीकडे टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कर्करोग रुग्णालयांचे जाळे) यांची 'क्रेडो' ही निवासी कार्यशाळा आहे. रुग्णालयातून मला रजा एकदाच मिळेल. ज्यांनी यांपैकी काही केले आहे, त्यांनी कृपया सांगावे, आधी कुठे जावे?

प्रतिसाद:

डॉक्टर, माझ्या मते आधी कार्यशाळा करा. या कार्यशाळांचा साचाही संघटनांनीच घडवला आहे: एएसीआर (कर्करोग-संशोधकांची अमेरिकी संघटना) आणि ॲस्को यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या व्हेल या गावी अशी पहिली कार्यशाळा घेतली, आणि क्रेडो २०१५ पासून त्याच धर्तीवर चालते. आपण कल्पना घेऊन जायचे, संख्याशास्त्रज्ञ आणि अनुभवी संशोधक तिची चिरफाड करतात, रात्री बसून पुन्हा लिहायचे, आणि परतताना हातात पूर्ण प्रोटोकॉल असतो. तुम्हाला आज नेमकी हीच गरज आहे. मेंटॉरसमोर प्रोटोकॉल घेऊन बसलात तर 'आयडिया'मधले ते मोजके दिवस खऱ्या अर्थाने कामी येतील.

तुमच्या अभ्यासात एक गोष्ट नक्की विचारली जाईल. एकाच गावातल्या एका रुग्णाकडे आशाताई जाणार आणि दुसऱ्याकडे नाही, हे निभणार नाही. म्हणून आशाताई कुठे जाणार आणि कुठे नाही हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या रुग्णांच्या नव्हे, गावांच्या किंवा उपकेंद्रांच्या टाकाव्या लागतील, आणि तसे केले की रुग्णसंख्याही वाढवावी लागते. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली, तेव्हा १,३१,७४६ स्त्रियांची विभागणी गावांच्या ५२ गटांनुसारच केली होती. तुमच्याच भागातले हे उदाहरण आहे, अर्जात जरूर द्या.

अर्ज लिहिण्याआधी एवढे करा: वहीतल्या कोऱ्या रकान्यांच्या नावांना एकेक करून फोन लावा. त्यांतले बहुतेक रुग्ण दगावले असतील, तर तुमचा प्रश्न उपचार टिकण्याचा राहत नाही; रुग्ण तुमच्यापर्यंत इतक्या उशिरा का पोचतात, हा होतो, आणि मग प्रोटोकॉलही वेगळा लिहावा लागेल.