जुन्या पीसीवर नवं ओपनएसएसएच कंपाइल करावं की नाही?

अंबाझरीकर
हिंगणा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत वीस-बावीस वर्षांचे पीसी अजून रोज कामाला आहेत. कारण साधं असतं. तपासणी यंत्राचं आयएसए कार्ड (जुन्या पद्धतीचं जोडणी-कार्ड) लिनक्सच्या एकाच कर्नलवर (गाभ्यावर) चालतं, ड्रायव्हरचा सोर्स कोणाकडे नाही, आणि नवं यंत्र घ्यायचं तर लाखोंचा खर्च. आमच्याकडे असा एक पीसी रेड हॅट लिनक्स ९ वर आहे. त्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २००४ मध्येच संपला.

रिपोर्ट काढायला त्यात रिमोट लॉगिन लागतंच. टेलनेट पासवर्ड उघडा पाठवतं. सोबत आलेलं ओपनएसएसएच ३.५ आहे (एसएसएच म्हणजे सांकेतिक रूपातलं रिमोट लॉगिन), पण आजचे क्लायंट त्याला दाद देत नाहीत: १०२४ बिटांची जुनी की-एक्स्चेंज (गुप्त किल्ली ठरवायची रीत) ओपनएसएसएचच्या २०१५ च्या ७.० आवृत्तीत बंद झाली, ओळख पटवणाऱ्या एसएचए-१ वाल्या आरएसए सह्या २०२१ च्या ८.८ मध्ये. मग पोरं आपल्या लॅपटॉपवर हे जुने अल्गोरिदम परत चालू करतात, तेही सगळ्या सर्व्हरसाठी एकदम. मला खरी भीती याची वाटते.

माझं मत: नवं ओपनएसएसएच तिथे बांधा. अडतं ते नव्या ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीपाशी, आणि तिच्याशिवायही ओपनएसएसएचचा पोर्टेबल (लिनक्ससाठीचा) सोर्स कॉन्फिगर करता येतो. ईडी२५५१९ की, चाचा२०-पॉली१३०५ सायफर असे मोजकेच अल्गोरिदम मिळतात, आपल्याला तेवढे पुरे. सी८९ कंपायलर हवा आणि त्याला व्हेरिअॅडिक मॅक्रो (कितीही आर्ग्युमेंट घेणारे) कळायला हवेत. आमच्या पीसीवरच्या जीसीसी ३.२ कंपायलरला कळतात.

महालकर
भाऊ, मी पूर्ण विरोधात आहे. तुमचा कर्नल २.४.२०. ती मालिकाच २०१० मध्ये २.४.३७.११ वर थांबली. पॅकेट एसएसएचपर्यंत पोचण्याआधी त्या कर्नलच्या नेटवर्क कोडमधून जातं, तिथलं भोक तुम्ही कसं बुजवणार? लॉगिनआधीच्या प्रोसेसला आवळून ठेवणारा सेकॉम्प फिल्टर कर्नल ३.५ मध्ये, म्हणजे २०१२ मध्ये आला. तुमच्या पीसीवर तो नाहीच.

दोन लॅन पोर्टची एक छोटी लिनक्स पेटी समोर ठेवा. जुना पीसी फक्त तिलाच जोडा. लोकांनी पेटीत एसएसएचने यायचं, पेटीने पुढे जायचं. पेटीला अपडेट मिळत राहतात. मीटरभर वायरीवर टेलनेट असलं तरी कोण ऐकणार आहे?

अंबाझरीकर
दादा, ती वायर मीटरभर राहत नाही. दुसरं यंत्र आलं की मध्ये स्विच येतो, मग कोणी वायफाय राउटर लावतं. शॉपफ्लोअरवर हे थांबवणारा माणूस नसतो.

धंतोलीतली
मी ऑडिटचं काम करते. माझा प्रश्न वेगळा आहे: पुढच्या बगला हे परत कोण बांधणार?

जुलै २०२४ चा regreSSHion नावाचा ओपनएसएसएचमधला बग आठवा. ८.५ ते ९.७ पर्यंतचा एसएसएच सर्व्हर जीलिबसी (सी लायब्ररी) असलेल्या लिनक्सवर लॉगिनशिवाय फोडता येत होता, आणि क्वॉलिस या सुरक्षा कंपनीने तो ३२ बिटवरच फोडून दाखवला. म्हणजे २०२२ मध्ये कोणी हौसेने ‘आधुनिक’ बांधलं आणि विसरलं, तर तो पीसी दोन वर्षांनी उघडा पडला. उबुंटूवर पॅच आपोआप आला. तुमच्याकडे कोणी तरी कॉन्फिगर, मेक (म्हणजे हाताने कंपाइल) करत बसलं असेल तरच येणार.

अंबाझरीकर
ताई, तो मूळ २००६ चाच बग होता, दुरुस्ती चुकून निघाली म्हणून परत आला. ४.४ च्या आधीच्या आवृत्त्यांत तो आहेच. म्हणजे आमचं ३.५ आजही त्याच अवस्थेत आहे. नवं बांधलं तर निदान दुरुस्ती घेण्याची सोय होते, जुन्याला तीही नाही.

धंतोलीतली
सोय झाली म्हणून काम होत नाही. नाव सांगा. कोण करणार?

बुटीबोरी_नाइट
मी अंबाझरीकरांच्या बाजूने, पण त्या पीसीवर कंपाइल करू नका. नव्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या पीसीत) तीच रेड हॅट ९ टाका, तिथे बांधा, बायनरी पेनड्राइव्हने न्या. स्क्रिप्ट लिहून ठेवली तर कंपाइलचं काम कोणालाही परत करता येतं, ताईंच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मिळतं. सोर्सची पीजीपी सही (तो अस्सल असल्याची खूण) नव्या पीसीवरच तपासा, जुन्याचा ब्राउझर आजच्या साइट उघडूच शकत नाही.

होस्ट की (सर्व्हरची ओळख सांगणारी की) मात्र काळजीने बनवा. डेबियन लिनक्सचं २००८ चं प्रकरण माहीत असेल: यादृच्छिकपणा जवळजवळ फक्त प्रोसेस आयडीपुरता उरला आणि एकेका प्रकारच्या जेमतेम ३२,७६७ की शक्य राहिल्या. की नव्या मशीनवर काढून न्या, आणि व्हर्च्युअल मशीन कॉपी करताना तीच की चार पीसींवर जाऊ देऊ नका.

एक फायदा कोणी बोललं नाही. सीमॉसची (मदरबोर्डवरच्या घड्याळाची) बॅटरी गेली की जुन्या पीसीचं घड्याळ मागे जातं आणि मुदतीची तारीख असलेली टीएलएस सर्टिफिकेट (वेबसाइटची ओळखपत्रं) नाकारली जातात. एसएसएचच्या साध्या कीला तारीखच नसते.

महालकर
हाव, हे पटलं. पण कर्नलचं उत्तर अजून आलं नाही.

अंबाझरीकर
कर्नलचं उत्तर तुमची पेटीच आहे. ती लावतो, आणि जुन्या पीसीवर फक्त तिच्याच आयपीवरून लॉगिन ठेवतो. पण आतल्या वायरीवर टेलनेट नाही, एसएसएचच. आणि ताई, नाव माझं. ओपनएसएसएचच्या घोषणांची यादी सबस्क्राइब करतो आणि स्क्रिप्ट मेंटेनन्सवाल्यांनाही शिकवतो.

महालकर
पेटी लागली की आतलं बांधकाम मला अजूनही फुकटचा भार वाटतो. जो कोड तुम्ही आणि दोघं-तिघंच चालवता, त्यातली गडबड सापडायलाही तुम्हीच दोघं-तिघं असणार.

धंतोलीतली
मी तरी दोन्ही ठेवीन. फक्त तुम्ही नोकरी सोडलीत तर दुसरं नाव कोणाचं, तेही लिहून ठेवा.