मदत हवी आहे: ‘मोमो’ म्हणणाऱ्या पोरांना कसं समजवावं?

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या वरच्या खोलीत मिझोरामचा एक मिझो मुलगा भाड्याने राहतो. कॉलेजचं पहिलं वर्ष, अभ्यासू, भाडं एक तारखेला हातात. वाडीतली आपलीच मराठी पोरं जिन्यात त्याला ‘ए मोमो’ अशी हाक मारतात; ईशान्येकडच्या लोकांना चिडवायचा हा शब्द. तो कसनुसं हसतो, मान खाली घालून चपला काढतो नि वर जातो. पोरं म्हणतात, ‘काकू, त्याला चालतं!’

आणि यांच्यातल्याच एकाला क्रिकेटच्या भांडणात कोणी ‘घाटी’ म्हटलं, तेव्हा अख्खं गणपती मंडळ जाब विचारायला गेलं होतं. तेव्हा मस्करी कुणाला आठवली नाही!

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६ मध्ये वंश, रंग, प्रांत यांवरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत घातला, हे वाचलंय. दिल्लीत २०१४ मध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी पाहायला केंद्र सरकारने बेझबरुआ समितीही नेमली होती. पण ही पोरं त्याच्या कॉलेजची नाहीत, आणि पोलिसात जायला तोच नको म्हणतो.

त्यांच्या आयांशी बोलू, की मंडळाच्या बैठकीत त्याचं नाव न घेता विषय काढू? कुणी असं काही निभावलं असेल तर सांगा. ‘दुर्लक्ष करा’ सोडून काहीही चालेल.