वाइड अँगल लेन्सचा एकच कोपरा धूसर येतो – मदत हवी आहे

नमस्कार. इंदूरचा सात मजली राजवाडा समोरच्या चौकातून एका चौकटीत बसवण्यासाठी मी फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६–३५ मिमीची, जुन्या बाजारात घेतलेली झूम लेन्स वापरतो. १६ मिमीवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, कडेची माणसे ताणल्यासारखी रुंद दिसतात. सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या लेन्समध्ये असे होणारच, हे मला मान्य आहे (कडेला उभ्या राहिलेल्या काकूंना मात्र अजून पटलेले नाही).

खरी अडचण धूसरपणाची आहे. एफ/२.८ वर (लेन्सचे छिद्र मोठे उघडे असताना) चारही कोपरे मऊ येतात ते समजण्यासारखे आहे, परंतु एफ/८ वर (छिद्र लहान केल्यावर) तीन कोपरे स्वच्छ होतात आणि वरचा उजवा तसाच राहतो. ट्रायपॉड लावून विटांच्या भिंतीचे छायाचित्र आधी सरळ आणि मग कॅमेरा उलटा करून घेतले, तरी धूसरपणा कॅमेऱ्याच्या त्याच कोपऱ्यात राहिला. म्हणजे दोष भिंतीच्या तिरकेपणाचा नाही. याच कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स निर्दोष चालते.

आतील एखादे भिंग केंद्रापासून सरकले असावे, हा माझा अंदाज बरोबर आहे का? दुरुस्तीत ते पुन्हा जुळवता येते का, आणि इंदुरात कोणी तसे करून घेतले आहे का?