मदत हवी आहे : हाडातल्या अमिनो आम्लांवरून काढलेलं वय, हिशेब जुळत नाही

नमस्कार मंडळी,

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ऑप्टिकल आयसोमर (एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं, एल आणि डी) शिकवताना सांगितलं की आपल्या प्रथिनांत अमिनो आम्लं एल रूपातलीच असतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग माणूस मेल्यावर?" मेल्यावर ती सावकाश डी होत जातात, दोन्हींचं प्रमाण बहुतेक आम्लांत एकास एकवर येऊन थांबतं, म्हणून त्यावरून जुन्या हाडांचं वय काढतात, असं सांगून वेळ मारून नेली. आता पुढच्या तासाला खरं उदाहरण द्यायचंय आणि तिथेच अडकलेय.

उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डेल मारच्या सांगाड्याचं. १९७४ मध्ये जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या ॲस्पार्टिक या अमिनो आम्लावरून वय काढलं ४८,००० वर्षं. अमेरिकेत माणूस इतका जुना! खळबळ उडाली. १९८० च्या दशकात नव्या पद्धतीने, अगदी थोड्या नमुन्यावर कार्बन-१४ मोजला, तेव्हा वय निघालं सुमारे ५,०००.

कारण म्हणून वाचलं ते असं : एलचं डी होण्याचा वेग ठरवायला त्याच किनाऱ्यावरची लगुना बीचची कवटी वापरली होती. तिचं वय जुन्या कार्बन-मापनाने १७,१५० धरलेलं, ते नंतर ५,१०० च्या आसपास निघालं. म्हणजे घड्याळच चुकीचं लावलेलं.

पण वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. १७,१५० भागिले ५,१०० म्हणजे ३.३६. आता ४८,००० ला ३.३६ ने भागा, येतात सुमारे १४,३००. पाच हजार नाहीत! उरलेली जवळपास तिप्पट चूक कुठून आली? माझं गणित चुकतंय का?

प्रतिसाद १
तापमान बघितलं का? ही रिॲक्शन भयंकर हळवी आहे. सरासरी चार अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. एक सांगाडा उन्हात तापणाऱ्या जागी पुरला असेल, दुसरा सावलीत.

धागाकर्ती
ते मनात आलं होतं. पण तिप्पट फरकाला सहा अंश लागतील, तेही हजारो वर्षांच्या सरासरीत. दोन्ही ठिकाणं एकाच समुद्रकाठची. मला नाही पटत.

प्रतिसाद २
ताई, गणित बरोबर आहे. गृहीतक गडबडलंय. तुम्ही वेग स्थिरांक सगळ्या हाडांना सारखा धरताय. बाडांनीही तेच धरलं होतं.

हाडातलं ॲस्पार्टिक आम्ल कोलॅजेन या हाडातल्या मुख्य प्रथिनाच्या तिपेडी दोरात जखडलेलं असतं. जखडलेलं असेपर्यंत ते फारसं उलटत नाही. दोर उसवला, तुकडे पडले, की झपाट्याने उलटायला लागतं. त्यात जमिनीतलं पाणी सुटे तुकडे धुऊन नेतं, बाहेरचे आत आणतं. म्हणजे मोजता तुम्ही वय, आणि दिसतं कोलॅजेन किती कुजलंय ते. शेजारी पुरलेल्या दोन हाडांचीही तऱ्हा वेगळी असू शकते. लगुनाचं घड्याळ डेल मारला लावताच येत नव्हतं.

म्हणून आता हाडांचा नाद बराचसा सुटलाय. यॉर्क विद्यापीठात कर्स्टी पेंकमन यांचा गट बिथिनिया या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचं झाकण वापरतो. गोगलगाय आत शिरली की दार लावते ना, तेच झाकण, कॅल्साइटचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाचं. ते दळून ब्लीचमध्ये ठेवतात. बाहेरचं, उघड्यावरचं प्रथिन जळून जातं आणि स्फटिकाच्या आत कोंडलेलं तेवढं उरतं. पाणी आत नाही, आम्ल बाहेर नाही. २०११ मध्ये यावरून त्यांनी ब्रिटनमधल्या थरांचा कालक्रम लावला.

वर्गात हेच सांगा : झाकण घट्ट तर घड्याळ बरोबर.

धागाकर्ती
आता डोक्यात उजेड पडला! जाता जाता एक. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली टरफलं सापडलीत, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. त्यांना ही पद्धत लावता येईल? पोरांना जवळचं उदाहरण मिळेल.

प्रतिसाद २
टरफल उत्तम, तेही कॅल्साइटच. आफ्रिकेत शहामृगाच्या टरफलांवर बरंच काम झालंय. मात्र दोन अडचणी. चुलीत भाजलं गेलेलं टरफल बाद, एका रात्रीच्या विस्तवात हजारो वर्षांचं काम होऊन जातं. आणि पद्धतीला नमुना दळावा लागतो. नक्षीचा तुकडा कोण दळायला देईल? २५,००० पर्यंत कार्बन-१४ चालतोच, तिथे याची गरज नाही. खरा उपयोग त्याच्या पल्ल्यापलीकडे.

प्रतिसाद १
माझं तापमान अगदीच वाया गेलं म्हणायचं का?

प्रतिसाद २
नाही हो. ब्रिटनचं घड्याळ खानदेशात लावून बघा, मग कळेल.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. ३.३६ चा भागाकार फळ्यावर मांडून उरलेली तिप्पट पोरांनाच शोधायला लावते. गोगलगायीचं झाकण मात्र खिशात नेणार आहे, घरामागच्या डबक्यात शोधते आजच.