रातोरात चिकटवलेली निनावी चित्रं: भिंतीवर राहू द्यावीत का?

भिंतवेडा
कागदावर घरी काढलेलं चित्र कुणीतरी रात्री भिंतीवर लावून जातं, नाव नाही, सही नाही. त्याला विद्रूपीकरण म्हणणं मला पटत नाही, कारण ते खळीनं लावलेलं असतं. वाटीभर मैदा तेवढ्याच गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढुरकेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. कच्ची राहिली तर कागद सुटतो. हातानं रंगवायचं तर कोरा न्यूजप्रिंट, साधारण ४५ जीएसएम (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) वजनाचा. कार्डशीट खळ पीत नाही, कडा उचलतात. इंकजेटची शाई ओघळते, झेरॉक्सची टिकते. आधी भिंतीला खळ, मग कागद, मधून कडेकडे हात फिरवत हवा काढायची, वरून पुन्हा खळीचा हात. काढताना कोमट पाण्यानं भिजवून ठेवलं की पुरे.

चुनासुरखी
हे ऑइलपेंटच्या भिंतीपुरतं खरं. जुन्या दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरलेल्या असतात, आतली ओल तिथूनच बाहेर पडते. शिवाय पावसात टिकावं म्हणून खळीत सर्रास फेव्हिकॉल घालतात. तो सुकला की सहजी सुटत नाही. ओल मागे अडकते, क्षार पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि पापुद्रे निघतात. मग कुणीतरी ॲसिड घेऊन धुवायला येतं, आणि ॲसिड चुना खातं. जांभ्यावर तर नुसत्या गेरूचा डागही छिद्रांत बसतो. चित्र कितीही सुंदर असो, अशा भिंतीवर नको.

भिंतवेडा
फेव्हिकॉल घालणारे चुकतात, आणि जुन्या दगडाबद्दलही मान्य. मग सिमेंटच्या कुंपणभिंती आणि बांधकामाभोवतीचे पत्रे एवढंच ठेवू. जून ते सप्टेंबर तिथेही नको, ओल्या भिंतीवर कागद धरत नाही, बुरशी येते.

गल्लीबोळ
मोरचूद (कॉपर सल्फेट) राहिलं! कसर-झुरळं लागू नयेत म्हणून बुकबाइंडर खळीत घालतात, तीच खळ भिंतीवर जाते. गाई-शेळ्या मैद्याच्या वासानं पोस्टर ओरबाडून खातात, आणि मोरचूद विषारी आहे. उघड्यावर लावायच्या खळीत ते चिमूटभरसुद्धा नको. साधी खळ दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच शिजवा.

रेघोटी
कागदाऐवजी स्टेन्सिल का नाही? जुन्या एक्स-रे फिल्मवर कटरनं कापायचं, स्प्रेचा डबा १५-२० सेंटीमीटर लांब धरून दोन पातळ हात द्यायचे. जवळून मारलं की रंग फिल्मखाली शिरतो. देवनागरीत ब, व, ध यांच्या पोटात पूल, म्हणजे न कापलेली जोडपट्टी, ठेवा, नाहीतर आतला तुकडा गळतो आणि नुसता ठिपका उमटतो.

चुनासुरखी
स्प्रे भिजवून निघत नाही, म्हणजे भिंतवेडा यांचा मूळ मुद्दाच गेला. आणि निनावीपणाचं काय? कडा सुटल्या, चित्र लोंबायला लागलं, तर खरवडायचं कुणी? सफाई कामगारांनी. राज्याच्या १९९५च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे, तो उगाच नाही.

भिंतवेडा
परवानगी आणि निनावीपणा यांचं वैर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला नाव माहीत असावं, भिंतीवर नसलं तरी चालेल. काढायची तारीख मात्र चित्राच्या कोपऱ्यात लिहावी, आणि लावणाऱ्यानंच बादली घेऊन परत यावं.

चुनासुरखी
तारीख लिहिलेली असेल तर सिमेंटच्या भिंतीपुरता माझा विरोध नाही. दगडावर आहेच.