उपासनेतल्या साक्षीची रील काढावी का? (नाशिक)

रविवारची_शाळा

सर्वांना सलाम. मी शरणपूर भागात राहते आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. मंडळीचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये १२ एप्रिलचा ईस्टर सगळ्यांनी घरात बसून मोबाइलवर केला. आमचं यूट्यूब चॅनेल तेव्हाच सुरू झालं आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. आमच्या शेजारच्या आजी अंथरुणावरून उठू शकत नाहीत. रविवारी सकाळी त्या नातवाला फोन उशाशी लावून ठेवायला सांगतात आणि गीत सुरू झालं की पडल्या पडल्या म्हणतात. त्यामुळे मीडिया वाईट, फोन वाईट, असलं काही मला म्हणायचं नाही.

अडचण रीलची आहे. मंडळीतल्या एक बाई कॉलेज रोडला तीन-चार घरी स्वयंपाक करतात. त्यांच्या नवऱ्याला टीबी झाला होता. उपचार पूर्ण झाल्यावर त्यांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत सावकाश सांगत होत्या. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर व्हायला लागली, नवरा घाबरला, पाकीट उचलून फेकायला निघाला. तेव्हा आशाताईने, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्यसेविकेने, त्याला समजावलं, हा गोळीचाच रंग आहे, रक्त नाही. पुढे ती येता-जाता घरात डोकवायची आणि पाकिटातल्या रिकाम्या खाचा स्वतः बघायची. "देवानं तिला माझ्या दारात पाठवलं," असं बाई म्हणाल्या. डॉक्टरांचेही आभार मानले. सगळी मंडळी गप्प होऊन ऐकत होती.

तरुण संघाने त्याची रील केली. त्यात आशाताई नाही, गोळ्या नाहीत, डॉक्टर नाहीत. बाईंचा रडतानाचा चेहरा, मागे संगीत आणि वर मोठ्या अक्षरांत 'डॉक्टरांनी हात टेकले, प्रार्थनेने टीबी गायब!' डॉक्टरांनी हात टेकलेच नव्हते हो. ती रील फिरत फिरत बाईंच्या एका मालकीणबाईंपर्यंत पोचली. "तुमच्या घरात टीबी, आणि तुम्ही आमच्याकडे पोळ्या लाटता?" म्हणून त्यांनी काम बंद केलं. खालच्या कमेंटमध्ये धर्मांतराच्या नावाने जे लिहिलंय ते इथे लिहवत नाही. बाई माझ्याकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "टीचर, मी असं कुठं बोलले होते?"

कमिटीत विषय काढला तर उत्तर मिळालं, "सुवार्ता हजारो लोकांपर्यंत जातेय ना?" मी मुलांकडून बायबलमधलं निर्गम २० पाठ करून घेते, 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस'. तीच मुलं वर्गातून बाहेर पडून ही रील एकमेकांना पाठवतात. येत्या रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. रील बंदच करा म्हणू, की काही नियम मागू? आणि मागायचे तर कोणते?

पंचवटीचा_गिटारवाला

ताई, मी दुसऱ्या मंडळीत हेच काम करतो, म्हणून आमची बाजू सांगतो. पूर्ण उपासनेचा व्हिडिओ आमच्याकडे पन्नास लोकही बघत नाहीत. पहिल्या तीन सेकंदांत काही पकडलं नाही तर बोट वर सरकतं. ख्रिस्ती लोकांबद्दल बाहेर जे फिरतं ते इतकं विखारी असतं की आपण गप्प बसलो तर लोकांना आपली ओळख फक्त त्यातूनच होईल. आणि साक्ष सांगायला प्रभूनेच सांगितलंय. मार्क ५ मध्ये भूतग्रस्त बरा झाल्यावर येशू त्याला म्हणतो, घरी जा, आपल्या लोकांना सांग.

शीर्षक चुकलं हे मान्य. पण रील बंद करू नका.

वॉर्डातली_नाशिकरोड

मी कॅथलिक आहे आणि पेशाने नर्स. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला इकडे सगळ्या धर्मांचे लोक नवस घेऊन येतात, त्यामुळे श्रद्धेने आजारी माणसाला किती बळ मिळतं हे मला कोणी सांगायला नको. मीही रात्रपाळीत पेशंटसाठी प्रार्थना करते.

पण त्या रीलने काय होऊ शकतं ते ऐका. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. महिना-दीड महिन्यात ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते आणि पेशंटला वाटतं आपण बरे झालो. गोळ्या सोडण्याची वेळ नेमकी तीच. मधेच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतात आणि त्रासही वाढतो. अशा माणसाच्या फोनवर 'प्रार्थनेने टीबी गायब' आलं तर? गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. हे त्या बाईंच्या तोंडून लोकांना कळलं असतं तर एखाद्याचा जीव वाचला असता.

मालकीणबाईंनाही कोणीतरी सांगा. कोर्स पूर्ण करून बरा झालेल्या माणसाकडून लागण होत नाही, आणि पोळीतून तर टीबी पसरतच नाही, तो हवेतून पसरतो.

आमच्या चर्चमध्ये १९६७ पासून दरवर्षी एक रविवार माध्यमांसाठी पाळतात. २०१८ चा विषय खोट्या बातम्या हाच होता आणि त्याला योहान ८:३२ हे वचन घेतलं होतं, सत्य तुम्हांला बंधमुक्त करील.

जलालपूर_रोड

मी निवृत्त शिक्षक. गिटारवाल्या दादांनी मार्क ५ काढला ते बरं केलं. तोच अध्याय शेवटपर्यंत वाचावा. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवताना येशूने रडणारी गर्दी बाहेर काढली, आई-बाप आणि तीन शिष्य एवढेच आत ठेवले, आणि हे कोणाला कळू देऊ नका असं निक्षून सांगितलं. मुलीला खायला द्या म्हणाला. पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्यालाही तो आधी याजकाकडे पाठवतो, म्हणजे त्या काळी ज्याने तपासून शुद्ध ठरवायचं त्याच्याकडे. आणि त्या भूतग्रस्ताला सांग म्हटलं ते त्याच्या घरच्यांना, त्याच्याच तोंडाने.

मराठी ख्रिस्ती माणसाला माध्यमं नवी नाहीत. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालं, पुढे नारायण वामन टिळकांनी त्यात संपादनाचं काम केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बरोबर नव्हत्या. त्यांचा राग, सोवळं, रडणं, मग हळूहळू बदलत गेलेलं मन, सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. त्यातलं नको ते कोणी कापलं असतं तर ख्रिस्ती नसलेल्या घरांतून ते पुस्तक आजही वाचलं गेलं असतं का? लोकांचा विश्वास बसतो तो त्या न कापलेल्या भागामुळे. बाईंच्या साक्षीतली आशाताई हा तोच भाग आहे.

आणखी एक, बैठकीत जरूर सांगा. तथाकथित चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कमिटीवर वकील असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

रविवारची_शाळा

सर, नर्सताई, तुमचे फार आभार. दादा, तुमचंही पटलं, रील बंद करा असं मी म्हणणार नाही. रविवारी हे मागणार आहे. साक्ष देणाऱ्याने कापलेला व्हिडिओ स्वतः पाहून हो म्हटल्याशिवाय तो टाकायचा नाही. आजाराची गोष्ट असेल तर डॉक्टर आणि औषध कापायचं नाही. लहान मुलांचे चेहरे नकोत, आणि नाताळात ब्लँकेट घेणाऱ्यांचे तर मुळीच नकोत. मत्तय ६ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हटलंय आणि आपण कॅमेऱ्याकडे बघून ब्लँकेट देतो, हे मला कित्येक वर्षं सलतंय.

आणि बाईंचं काम गेलंय, त्याची भरपाई मंडळीने करावी. हे मी सगळ्यात आधी मांडणार आहे.

पंचवटीचा_गिटारवाला

ताई, रील नुसती डिलीट करून भागणार नाही, व्हॉट्सअॅपवर गेलेली कॉपी परत येत नाही. बाईंची हरकत नसेल तर त्याच चॅनेलवर आधीची रील चुकीची होती असं पाळकसाहेबांनी स्वतः बोलून टाकावं. आशाताई तयार असतील तर त्यांनाही त्यात घ्या. एडिटिंग मी करून देतो, टाकण्याआधी बाईंना दाखवू. शनिवारी संध्याकाळी मोकळा आहे.